नागपूरचा उन्हाळा आणि स्टुडिओचा प्रोसेसर: कूलिंगच्या कामाच्या नोंदी

९ एप्रिल

नागपूरच्या महाल भागातल्या मामेभावाच्या फोटो स्टुडिओतलं एडिटिंगचं मशीन आजपासून हातात घेतलं. एएमडी कंपनीचा रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. डिसेंबरमध्ये असेंबल करून घेतलेलं. प्रोसेसरवर चार हीट पाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा), एका १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर, म्हणजे धातूच्या पात्यांचा उभा ठोकळा. कॅबिनेटला समोर पूर्ण काच आणि मागे एक पंखा.

थंडीत तक्रार नव्हती. मार्चअखेरपासून एक्सपोर्ट लावला की पंखा किंचाळतो आणि काम संपेपर्यंत थांबत नाही. त्याच खोलीत लग्नाच्या व्हिडिओचा आवाज मिक्स करायचा असतो. मंगलाष्टकांमागे सनईचा आवाज किती ठेवायचा हे या घोंघाटात ठरवणं अशक्य आहे. दुकानदाराने निदान केलं की हवेचा कूलर इथे पुरणार नाही, २४० मिलिमीटरचं लिक्विड (पंपाने पाणी फिरवून रेडिएटरमध्ये थंड करणारा कूलर) बसवा, ६,८०० रुपये. भाऊ तयारच होता. "ताई, लावून टाकू न पाणीवालं. सीझन तोंडावर आला, मशीन जळलं तं काय करू?"

मी त्याला थोडे दिवस थांबायला सांगितलं. ६,८०० रुपये ही त्या स्टुडिओसाठी लहान रक्कम नाही, आणि उष्णता नेमकी कुठे अडते आहे ते कोणी तपासलेलंच नाही.

पहिलं मोजमाप. खोली ३६ अंश, छताचा पंखा चालू, डेझर्ट कूलर बंद. प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन वेगाचे गुण सांगणारी सिनेबेंच आर२३ चाचणी दहा मिनिटं सलग, बाकीचे आकडे एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममधून. प्रोसेसर ९५ अंश, वीज ११६ वॅट, पंखा मिनिटाला १,८५० फेरे, गुण १९,१००.

९५ ऐकून भावाचा चेहरा उतरला, म्हणून हे इथे नीट लिहून ठेवते. रायझन ७००० मालिकेत ९५ अंश ही एएमडीने स्वतः आखलेली मर्यादा आहे. प्रोसेसर तिथपर्यंत मुद्दाम जातो, मग वेग थोडा कमी करून तिथेच टिकतो, आणि असा दिवसरात्र चालला तरी त्याला अपाय नाही असं कंपनीच सांगते. मशीन जळणार नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की ९५ ला टेकलेल्या प्रोसेसरचं तापमान बघून कूलरबद्दल काहीच कळत नाही. कूलर थोडा चांगला असो की वाईट, तो पुरा पडत नाही तोवर आकडा ९५ च दिसणार. फरक दिसतो तो वॅटमध्ये. या प्रोसेसरला कारखान्यातून १४२ वॅटची मुभा आहे, आपल्याकडे तो ११६ वरच अडकतोय. म्हणून या सगळ्या नोंदींत अंशांशेजारी वॅट लिहीन, आणि त्याच्याशेजारी खोलीचं तापमान.

खोलीचं तापमान तर विसरून चालणारच नाही. हवेचा असो की पाण्याचा, कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त दोघांतलं अंतर कमी करतो. परीक्षणांचे आकडे बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीतले असतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये त्यात सरळ १५ मिळवायचे.

१० एप्रिल

खोलीत दोन थर्मामीटर ठेवले, एक टेबलावर, एक कॅबिनेटच्या समोर हवा आत शिरते तिथे. एकाच आकड्यावर विसंबायचं नाही. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि नंतर सेन्सरच बिघडल्याचं निघालं. माझे दोन्ही थर्मामीटर अर्ध्या अंशाच्या आत जुळतात.

बाजूची काच काढून तीच चाचणी. तापमान ९५ च, पण वीज ११६ वरून १२७ वॅटवर गेली. म्हणजे कूलर तोच, पंखा तोच, फक्त बाहेरची हवा मिळाली तर तो ११ वॅट जास्त उचलतो. दुकानात हा प्रयोग कोणी केला असता तर लिक्विडचं नावही निघालं नसतं, असं मला वाटतं.

१२ एप्रिल

कूलर उतरवला. आधी दहा मिनिटं मशीन तापवून घेतलं, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता पोचवणारी पेस्ट मऊ होते. हा प्रोसेसर ज्यात बसतो त्या एएम५ सॉकेटमध्ये तो लोखंडी चौकटीखाली दाबलेला असतो, त्यामुळे आधीच्या एएम४ सारखा कूलरला चिकटून पिनांसकट उपटून येण्याची धास्ती नाही.

पेस्टचा ठसा बघण्यासारखा होता. मधोमध राखाडी गोळा पसरलेला, पण खालच्या एका कोपऱ्याकडे धातू जवळजवळ कोरडा, पेस्टची कड तिथे भुरभुरीत होऊन निघत होती. त्याच बाजूचा स्क्रू दीड फेरा सैल. या प्रोसेसरच्या झाकणाखाली आठही कोअर (प्रत्यक्ष गणना करणारे भाग) असलेला सिलिकॉनचा तुकडा मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे एका बाजूचा दाब कमी पडला तर त्याची किंमत इथे जास्तच मोजावी लागते.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले. झाकणाच्या कडेला खाचा आहेत, त्यांत साचलेली पेस्ट दातकोरणीने काढली. नवी पेस्ट मध्ये एक ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे चार लहान. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, दोन-दोन फेऱ्यांनी, घट्ट थांबेपर्यंत.

काच लावून, खोली ३६: ९५ अंश, १२१ वॅट. पाच वॅट मिळाले. पेस्टचा खर्च ४५० रुपये आणि ट्यूब अजून दोन-तीनदा पुरेल.

१५ एप्रिल

आज पैसे न लागणारं काम. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, इको मोड ६५ वॅट निवडला. नाव ६५ चं असलं तरी यात प्रोसेसरला मिळणारी कमाल वीज १४२ वरून ८८ वॅटवर येते.

खोली ३६. तापमान ७९ अंश, वीज ८८ वॅट, पंखा १,३०० फेरे, गुण १८,४००.

म्हणजे पहिल्या दिवसाच्या १९,१०० तुलनेत चार टक्क्यांच्या आसपास वेग गेला आणि १६ अंश उतरले. शेवटचे दोनशे-तीनशे मेगाहर्ट्झ मिळवायला हा प्रोसेसर व्होल्टेज खूप चढवतो, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ते शेवटचे मेगाहर्ट्झ सोडून दिले की बरीच आग जागच्या जागी विझते.

मग कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोअरचं व्होल्टेज थोडं उतरवणारी सेटिंग, सगळ्या कोअरना उणे १५. हे त्याच विजेत थोडा जास्त वेग देतं. गुण १८,९००, तापमान ७९ च. उणे २५ ला रिकाम्या वेळेत मशीन एकदा रीस्टार्ट झालं म्हणून परत १५ वर आणलं आणि रात्रभर कोअरसायकलर हा एकेक कोअर तपासणारा प्रोग्राम चालवला. सकाळी एकही त्रुटी नव्हती. ज्याच्यावर लोकांच्या लग्नाचं चित्रीकरण आहे त्या मशीनवर पाच-पाच अंकांसाठी स्थैर्य पणाला लावायचं नाही. हा आकडा प्रत्येक प्रोसेसरला वेगळा लागतो, माझा उणे १५ जसाच्या तसा कोणी उचलू नये.

भावाला पटायला थोडा वेळ लागला. "पण ताई, पैसे मोजून घेतलेली पावर आपणच कमी करून राहिलो न?" मग त्याच्याच कामावर वेळ लावून दाखवला. वरातीच्या हलत्या चित्रीकरणावर स्टॅबिलायझर आणि मग पूर्ण एक्सपोर्ट: आधी ४१ मिनिटं, आता ४१ मिनिटं आणि काही सेकंद. त्यावर तो काही बोलला नाही, फक्त स्पीकरचा आवाज कमी केला, कारण आता तो ऐकू येत होता.

१६ एप्रिल

पण खरं काम प्रोसेसर एकट्याने करत नाही. रंगांचं आणि नॉइज कमी करण्याचं ओझं ग्राफिक्स कार्डवर येतं, आणि त्या कार्डाचे १७० वॅट टॉवरच्या थेट खाली बाहेर पडतात. दोन्ही एकत्र चालवले, इको मोड ठेवूनच: प्रोसेसर ७९ वरून ८७ वर. वीज तेवढीच, ८८. हे आठ अंश प्रोसेसरचे नाहीतच, ते कॅबिनेटमध्ये अडकलेल्या हवेचे आहेत.

समोरची काच काढून बघितली. तिच्या आणि सांगाड्याच्या मध्ये बाजूने जेमतेम ८ मिलिमीटरची फट आहे, सगळी हवा तिथूनच शिरायची. त्यात समोर पंखाही नाही. नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको: डेझर्ट कूलर लावला आणि खिडकी बंद ठेवली तर खोली गार होत नाही, नुसती कोंदटते. हवेला यायला जेवढी वाट लागते तेवढीच जायला.

१९ एप्रिल

सकाळी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, दोन १२० मिलिमीटरचे पीडब्ल्यूएम (वेग कमीजास्त करता येणारे) पंखे आणले, १,१५० रुपये. तिथून इतवारीत लोहा ओळीला. समोरच्या काचेच्या जागी जाळीचा पत्रा लावायचा, म्हणून काचेच्या मापाचा कागद कापून नेला होता, त्यावर बारीक छिद्रांचा अॅल्युमिनियमचा पत्रा कापून घेतला. छिद्रं निवडताना पत्रा उजेडासमोर धरून बघितला: अर्ध्याहून जास्त भाग मोकळा दिसला पाहिजे. शोभेच्या पत्र्यांत छिद्रं लांब-लांब असतात, ते काचेइतकेच वाईट. मच्छरदाणीच्या कापडापेक्षा थोडी विरळ नायलॉन जाळी, चुंबकाची पट्टी आणि पत्रा मिळून ३८० रुपये.

कडा कानसने घासल्या, काचेच्या जुन्या भोकांतच स्क्रू बसवले, पत्र्याखाली रबराचे तुकडे लावले म्हणजे थरथरून आवाज करणार नाही. नायलॉन जाळी चुंबकाने बाहेरून, ओढली की निघते. दोन्ही नवे पंखे समोरून हवा आत घेणारे, मागचा बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जाणाऱ्यापेक्षा जास्त ठेवली, म्हणजे धूळ फटीफटींतून न शिरता जाळीवरच अडते.

खोली ३६, इको मोड. प्रोसेसर एकटा: ७५ अंश. ग्राफिक्स कार्डासकट: ७९. आधी हेच ८७ होतं.

कुतूहल म्हणून इको मोड काढूनही बघितलं: ९५ अंश, १३४ वॅट. पहिल्या दिवशी ११६ वर गुदमरलेला कूलर तोच.

२४ एप्रिल

लिक्विडचा प्रश्न अंदाजावर सोडायचा नव्हता. एका मित्राकडून २४० चं लिक्विड आणि दुसऱ्याकडून सहा पाइपांचा दुहेरी टॉवर, थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई, उसना आणला. हा दुहेरी टॉवर तेव्हा सुमारे ३,३०० ला मिळत होता आणि त्या किमतीत त्याच्याइतका दमदार कूलर माझ्या पाहण्यात नव्हता. उंची १५५ मिलिमीटर. प्रोसेसरच्या झाकणापासून काचेपर्यंत पट्टी लावली, १६३ भरले. रॅमच्या पट्ट्या बुटक्या आहेत म्हणून पुढचा पंखाही अडला नाही. उंच, दिव्यांच्या रॅमवाल्यांनी हे घेण्याआधी मोजावं.

तिन्ही एकाच दुपारी, खोली ३७, जाळी आणि पंखे जसेच्या तसे, प्रत्येकी वीस मिनिटं. इको मोडमध्ये जुना टॉवर ७६, दुहेरी टॉवर ७२, लिक्विड ७०. इको मोड काढून जुना ९५ ला टेकतो, दुहेरी १४० वॅटला ९३ वर थांबतो, लिक्विड १४० वॅटला ९० वर.

लिक्विडचं एक वागणं नोंदवण्यासारखं. चौथ्या मिनिटाला ते ८६ दाखवत होतं आणि तिथे थांबले असते तर सात अंशांचा विजय लिहिला असता. पाण्याला तापायला वेळ लागतो. बाराव्या मिनिटापर्यंत ते चढत चढत ९० ला पोचलं आणि मग स्थिरावलं. पाच मिनिटांच्या चाचण्या लिक्विडला उगाच वर चढवतात. ज्याचा एक्सपोर्ट पाऊण तास चालतो त्याने विसाव्या मिनिटाचा आकडा बघावा.

एवढा मोठा रेडिएटर असून फरक इतका कमी का? अडथळा आता कूलरमध्ये राहिलेलाच नाही. या प्रोसेसरचे आठ कोअर सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यात बसवले आहेत, बोटाच्या नखाहून लहान. सगळी उष्णता त्या तुकड्यातून जाड तांब्याच्या झाकणात शिरते, आणि एएम४ चे कूलर चालावेत म्हणून एएम५ चं हे झाकण आणखी जाड ठेवलेलं आहे. त्या झाकणाच्या वर तुम्ही काय बसवता याला एका मर्यादेपलीकडे अर्थ उरत नाही.

शिवाय उष्णता जाते कुठे? खोलीतच. ८८ वॅट टॉवरने बाहेर टाकले काय किंवा पाण्याने नेऊन रेडिएटरने टाकले काय, दहा बाय बाराच्या स्टुडिओला तेवढीच ऊब. "लिक्विड लावलं की खोलीही गार राहील" असं दुकानात सांगितलं गेलं होतं, ते साफ चूक आहे.

२५ एप्रिल

निर्णय. लिक्विड नाही. दुहेरी टॉवरही नाही. जुना टॉवरच राहील.

भावाला कारणं अशी सांगितली. चार ते सहा अंशांसाठी अनुक्रमे ३,३०० आणि ६,८०० मोजायचे, आणि ७६ अंशांना प्रोसेसरला काहीही त्रास नाही. आपला प्रश्न तापमानाचा नव्हता, आवाजाचा होता, आणि तो सुटला आहे. दुसरं म्हणजे दुरुस्ती. टॉवरमध्ये हलणारी वस्तू एकच, पंखा. हीट पाइप म्हणजे आतून हवा काढलेली, थोडंसं पाणी भरलेली बंद तांब्याची नळी. खाली पाणी उकळतं, वाफ वर पात्यांकडे जाते, थंड होऊन आतल्या सच्छिद्र थरातून परत झिरपते. तिला मोटर नाही, वीज नाही. पंखा गेला तर पाच-सहाशे रुपयांत बर्डीवर त्याच दिवशी दुसरा मिळेल, आणि तोवर नुसती पातीही थोडीफार उष्णता टाकत राहतील. लिक्विडमध्ये पंप आहे, तो थांबला की प्रोसेसर काही क्षणांत ९५ ला जाऊन रांगायला लागतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं पाणी अगदी सावकाश उडतही असतं, आणि बंद लिक्विड पुन्हा भरायची सोय बहुतेकांत नसते. ऐन लग्नसराईत पंप गेला तर वॉरंटीची वाट बघायला या स्टुडिओकडे दिवस नाहीत.

लिक्विड वाईट आहे असं माझं मत अजिबात नाही. इंटेलच्या कोअर आय७ १४७००के सारखा २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालवायचाच असेल, तर तिथे मी स्वतः ३६० चं लिक्विड सुचवेन. कॅबिनेट इतकं अरुंद असेल की १५५ उंचीचा टॉवर मावतच नाही, तिथेही. आणि ते बसवलंच तर रेडिएटर छताला, किंवा समोर असेल तर त्याचा वरचा भाग पंपाच्या वर, म्हणजे आतली हवा पंपात न येता वर साठते. ८८ वॅटवर काम भागत असताना मात्र ते लागत नाही.

आतापर्यंतचा खर्च: पेस्ट ४५०, पंखे १,१५०, जाळी-पत्रा ३८०. एकूण १,९८०.

२७ एप्रिल

पंख्याची वेगपट्टी ठरवली, म्हणजे कोणत्या तापमानाला किती फेरे. ७० अंशांपर्यंत ९०० फेरे एकसारखे, मग हळूहळू ८५ ला १,४००. बायोसमधला बदलाचा वेग सर्वांत संथ ठेवला. एक फाइल उघडली की पंखा वर, बंद केली की खाली, हे चढउतार बंद झाले. कानाला सतत एकसारखा आवाज फारसा टोचत नाही, बदलणारा टोचतो. आता प्रोसेसर चार-पाच अंश जास्त दाखवतो आणि ते मला पूर्ण मान्य आहे.

१८ मे

लग्नसराई जोरात. मशीन रोज दहा-बारा तास चालतंय. खोली दुपारी ३९, डेझर्ट कूलर लावल्यावर ३१-३२. मोठ्या एक्सपोर्टला प्रोसेसर सर्वाधिक ८६ दाखवला, तोही डेझर्ट कूलरची टाकी रिकामी झालेल्या दुपारी. गाणं मिक्स करताना आता कॅबिनेटपेक्षा छताचा पंखा जास्त ऐकू येतो.

एक गोष्ट सापडली. नायलॉन जाळी काढली तर नेहमीच्या करड्या धुळीवर पांढरी, खरखरीत भुकटी. बोटाने चोळली तर मिठासारखी कण-कण लागते. डेझर्ट कूलरमध्ये बोअरचं जड पाणी आहे. ताट्यांमधून हवेबरोबर सूक्ष्म थेंब उडतात, थेंब वाळतात आणि क्षार मागे राहतात. मशीन कूलरच्या अगदी झोतात होतं, कारण "त्यालेही गार हवा पाहिजे न". जाळी नसती तर हे क्षार ओल्या हवेसकट थेट मदरबोर्डवर बसले असते. प्रोसेसर खोलीपेक्षा गरमच असतो, त्यामुळे त्यावर दव धरत नाही, ती भीती नको. उडत्या थेंबांची मात्र धरायला हवी. टेबल झोतातून बाजूला, चार फूट सरकवलं. तापमानात एका अंशाचाही फरक नाही.

जाळी दर रविवारी कोरड्या ब्रशने झाडायची, महिन्यातून एकदा धुवायची, पूर्ण वाळल्यावरच लावायची. ही जबाबदारी स्टुडिओतल्या मुलाने घेतली आहे.

२१ जून

पाऊस सुरू. दमट हवेत डेझर्ट कूलर नावापुरता, खोली ३३-३४ आणि चिकट. प्रोसेसर ७३ च्या आसपास. जाळीवर पांढरी भुकटी नाही.

कॅबिनेट उघडून पाहिलं: टॉवरच्या पात्यांवर हलकी धूळ, फुंकणीने गेली. पेस्टला हात लावला नाही, आकडे जुळत असताना उगाच उघडायचं नाही.

उरलेलं काम: पावसाळ्यानंतर बायोस अपडेट करायचा आहे. त्यात इको मोड आणि कर्व्ह ऑप्टिमायझर दोन्ही पुसले जातील, म्हणून दोन्ही आकडे आणि पंख्याची वेगपट्टी कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. भावाने वाचवलेल्या पैशांतून चित्रीकरणाच्या बॅकअपसाठी हार्ड डिस्क घ्यायचं ठरवलंय, त्या डिस्कची जागा समोरच्या खालच्या पंख्यापुढे येणार नाही एवढं बघायचं.